प्रोसेसर अठराशेचा, पळतोय अकराशेनं

परवा सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडतीवरनं दिवाणजींचा फोन आला. "काय ओ दादा, ते कॉम्प्युटर लईच मंद झालंय बघा, बिल काढायला बसलं की चहा पिऊन होतंय तरी पान येत नाही, मालक म्हणत्यात नवीनच घेऊन टाकू." मी म्हटलं घ्या की, पण त्याआधी मला दोन आकडे वाचून दाखवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायला लावली, टास्क मॅनेजर उघडला, त्यात परफॉर्मन्सवर जा म्हटलं, तिथं बेस स्पीड काय लिहिलंय? तर ३.६० गिगाहर्ट्झ. आणि त्याच्या शेजारी नुसतं स्पीड म्हणून जे मोठं लिहिलंय ते? "शून्य पॉइंट एकोणऐंशी." बरं म्हटलं, आता मागं टॅली चालू ठेवा, एखादा मोठा रिपोर्ट काढा आणि परत बघा. परत तेच, ०.७९.

म्हणजे छत्तीसचा घोडा आठच्या चालीनं चाललाय, आणि मालक घोडाच बदलायला निघालेत.

दिवाणजींच्या मशीनचं काय झालं ते सांगतो, पण हा प्रकार मला पहिल्यांदा भेटला तो २००३ साली आणि स्वतःच्या पैशानं घेतलेल्या मशीनवर, त्यामुळं आधी तिथनं सुरू करतो. शिवाय प्रोसेसरचा वेग ठरतो कसा हे त्या जुन्या बोर्डांवर जितकं उघड दिसायचं तितकं आता दिसत नाही, आता सगळं ऑटोच्या झाकणाखाली गेलंय.

तेव्हा मी विश्रामबागेत खोली घेऊन शिकत होतो. घरनं पैसे घेऊन असेंबल्ड मशीन घेतलं, अ‍ॅथलॉन एक्सपी २५००+, तेव्हा हा एएमडी कंपनीचा प्रोसेसर म्हणजे पोरांच्यात चर्चेचा विषय, पैशाच्या मानानं जोरदार. घरी आणून चालू केलं तर पहिल्या काळ्या स्क्रीनवर लिहून आलं, ११०० मेगाहर्ट्झ. मी दुकानात जाऊन विचारलं तर म्हणे "बायोस चुकीचं दाखवतो, एएमडीचं असंच असतंय." बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारा, बोर्डावरचाच प्रोग्राम. आता एएमडीच्या नावातले २५०० हे मेगाहर्ट्झ नव्हते हे खरं, ते तुलनेसाठी दिलेलं रेटिंग होतं, त्यामुळं मला पण ते पटलं आणि मी गप्प बसलो. दोन महिने बसलो. शेजारच्या खोलीतला पोरगा जुन्या पेंटियम फोरवर माझ्या आधी गाणी एमपी-थ्री करून मोकळा व्हायचा आणि मी आपला टक्के मोजत बसलेला.

खरा आकडा होता १८३३. म्हणजे दोन महिने मी साधारण साठ टक्के प्रोसेसर वापरत होतो आणि पैसे पूर्ण दिले होते.

हे का झालं ते समजायला गावभागातली एखादी पिठाची गिरणी डोळ्यासमोर आणा. मोटर असते, तिच्या पाटीवर फेरे लिहिलेले असतात, बहुतेक १४४०. मोटरला एक पुली, दगडाला दुसरी पुली, मधे पट्टा. दगड किती फिरणार हे दोन गोष्टींवर ठरतं, मोटर किती फिरती आणि पुल्यांचं माप काय. पुली बदलली की तीच मोटर, तीच लाईट, पण दगडाचा वेग वेगळा. मोटरला लहान पुली बसवली तर दळण होतंय पण गिऱ्हाईकांचे डबे गल्लीपर्यंत लागतात, मोठी बसवली तर दगड तापतो आणि पीठ जळकं येतं.

मदरबोर्डवर मोटरच्या जागी असतो क्लॉक. जुना बोर्ड हातात घेतलात तर एक चांदीच्या रंगाची लांबट गोल टोकांची चपटी डबी दिसेल, नखाएवढी, तिच्यावर १४.३१८ असं लिहिलेलं असतंय. तो क्रिस्टल. तो सेकंदाला एक कोटी त्रेचाळीस लाख वेळा थरथरतो, त्याच्या शेजारची एक चिप त्या थरथरीवरनं वेगवेगळे ठोके तयार करते, ६६ मेगाहर्ट्झ, १०० मेगाहर्ट्झ, १३३, १६६, २००, जे मागाल ते (एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख ठोके). बोर्डाचा जो मुख्य ठोका, त्याला तेव्हा एफएसबी म्हणायचे म्हणजे फ्रंट साइड बस, आता त्या जागी बेस क्लॉक म्हणतात. प्रोसेसर हा ठोका घेतो आणि आपल्या आत त्याला एका आकड्यानं गुणतो, तो मल्टिप्लायर. गिरणीत पुल्यांमुळं फेरे कमी होतात, इथं वाढतात, एवढाच फरक, गणित तेच.

माझ्या अ‍ॅथलॉनचा मल्टिप्लायर होता ११. तो प्रोसेसरमध्येच ठरलेला. त्याला बोर्डाकडनं १६६ चा ठोका अपेक्षित होता, १६६ गुणिले ११, कॅल्क्युलेटरवर १८२६ येतंय पण खरा ठोका १६६.६६ असतो म्हणून १८३३. बोर्डावर ठोका लावलेला होता १००. शंभर गुणिले अकरा, अकराशे. बायोस काही चुकीचं दाखवत नव्हता, बिचारा जे चाललंय तेच सांगत होता.

मग दुकानदारानं फसवलं का? मला नाही वाटत. त्या काळातले बरेच बोर्ड डब्यातनं येतानाच १०० वर लावलेले असायचे, कारण १०० वर कुठलाही अ‍ॅथलॉन चालू होतोच, हळू का होईना पण स्क्रीन येती, आणि १६६ वर लावून ठेवला आणि कुणी जुना प्रोसेसर बसवला तर स्क्रीनच येणार नाही. कंपनीनं सावधगिरी केली, पुढं बसवणाऱ्यानं पुस्तक उघडून प्रोसेसरप्रमाणं ठोका बदलायचा होता. ते पुस्तक माझ्या बोर्डाच्या डब्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच चिकटपट्टीसकट होतं, उघडलेलंच नव्हतं. आणि मी पण उघडलं नव्हतं हे सांगायला हरकत नाही.

त्याच्याही आधीच्या पिढीत, पेंटियमच्या वेळी, दोन्ही गोष्टी जंपरनं लावायच्या असायच्या, ठोकाही आणि मल्टिप्लायरही. जंपर म्हणजे काळी नाहीतर निळी प्लॅस्टिकची टोपी, तांदळाच्या दोनचार दाण्यांएवढी, आत पत्रा, दोन पिनांवर बसवली की त्या दोन पिना जोडल्या जातात. बोर्डावरच बारीक अक्षरात तक्ता छापलेला. ६६ आणि २.५ लावलं की १६६ चा पेंटियम, ६६ आणि २ लावलं की १३३ चा. यात एक गंमत होती, पेंटियम एमएमएक्स २३३ ला साडेतीन लागायचं आणि बऱ्याच बोर्डांवर साडेतीन हा पर्यायच छापलेला नसायचा, तर तिथं जंपर १.५ वर लावायचा, कारण तो प्रोसेसर दीडची खूण दिसली की तिला साडेतीन समजायचा. हे माहिती नसलेला माणूस दीड कसा लावेल सांगा. ज्याला माहिती तो आपल्या गल्लीतला मोठा इंजिनिअर.

पुढं पेंटियम बनवणाऱ्या इंटेलनं मल्टिप्लायरला कुलूप घातलं. कमी वेगाच्या प्रोसेसरवर जास्त वेगाचा छाप मारून विकायचा धंदा जोरात होता, त्याला आळा बसला. पण ठोका बोर्डाच्या हातात राहिला तो राहिलाच, आणि त्यावरनंच ते प्रसिद्ध सेलेरॉन ३००ए, १९९८ सालचं, ६६ गुणिले साडेचार म्हणजे ३००, लोक त्याला १०० चा ठोका द्यायचे आणि स्वस्तातला माल ४५० नं पळवायचे.

अजून एक घोळ इथंच उरकून टाकतो, कारण यावर मला अजून प्रश्न येतात. पेंटियम फोरच्या खोक्यावर लिहिलेलं असायचं ८०० एफएसबी आणि बायोसमध्ये दिसायचं २००. चोरी नाही झालेली. ठोका २०० चाच, पण प्रत्येक ठोक्याला चार वेळा माल पोचवायचा, म्हणून ८००. अ‍ॅथलॉनमध्ये एका ठोक्याला दोनदा, म्हणून माझा १६६ वाला खोक्यावर ३३३. गुणाकार करताना नेहमी लहान आकडा घ्यायचा. आणि त्याच पेंटियम फोरमध्ये २.४ गिगाहर्ट्झचेच तीन वेगवेगळे प्रकार होते, एक १०० गुणिले २४, एक १३३ गुणिले १८ आणि एक २०० गुणिले १२. तिघांवर २.४ च लिहिलेलं. यातला तिसरा घेतला आणि बोर्डानं त्याला १३३ दिले तर झाले की १६००! त्यामुळं नुसतं "दोन पॉइंट चारचा आहे" एवढ्यावर सेटिंग ठरत नाही, त्याचा ठोका कुठला आणि मल्टिप्लायर कुठला ही जोडी माहिती पाहिजे.

आता माझ्या मशीनवर परत. पुस्तक वाचलं, प्रोसेसरच्या सॉकेटच्या बाजूला जंपर सापडला, १०० वरनं काढून थेट १६६ वर घातला, बटण दाबलं. पंखा फिरला, हार्ड डिस्कनं आवाज काढला, मॉनिटरचा लाइट केशरीच. स्क्रीन नाही. परत बंद, परत चालू, नाही. घाम फुटला, घरी काय सांगायचं.

प्रोसेसरचा काही दोष नव्हता. रॅम डीडीआर २६६ वाली होती, म्हणजे तिची झेप १३३ च्या ठोक्यापर्यंत. आणि बोर्डावर रॅमचं सेटिंग होतं "होस्ट क्लॉकबरोबर", म्हणजे बोर्डाचा जो ठोका तोच रॅमचा. मी प्रोसेसरसाठी १६६ केले आणि नकळत रॅमलाही १६६ नं पळायला लावलं, ती पहिल्या पावलालाच पडली. गिरणीच्या भाषेत सांगायचं तर एकाच शाफ्टवर पिठाचा दगड आणि मिरची कांडप दोन्ही जोडलंय आणि मी दगडासाठी वेग वाढवला तर कांडप मोडलं.

मग रस्ता असा काढला. जंपर आधी १३३ वर, स्क्रीन आली, १४६६ दिसलं, तेवढ्यानंच मी खूष. बायोसमध्ये शिरलो, रॅमचं सेटिंग बदललं, तिथं एक पर्याय होता होस्ट क्लॉक वजा ३३, तो घेतला, सेव्ह करून बंद केलं. मग जंपर १६६ वर. आता बोर्ड १६६, रॅम त्यातनं ३३ वजा म्हणजे १३३, तिची तिच्या मापात. चालू केलं आणि स्क्रीनवर पहिल्यांदा नाव नीट आलं, अ‍ॅथलॉन एक्सपी २५००+. त्याआधी नाव येतच नव्हतं, नुसता आकडा यायचा, कारण बायोसकडं वेग आणि नाव यांचा तक्ता असतो आणि ११०० वर चालणारा कुठला अ‍ॅथलॉन एक्सपी त्या तक्त्यात नव्हता. नाव न येणं हीच खूण होती, मला वाचता आली नाही.

पीसीआयचं, म्हणजे बोर्डावर कार्डं जोडायच्या रस्त्याचं, पण असंच. साउंड कार्ड, मोडेम, हार्ड डिस्कचा कंट्रोलर, हे सगळं ३३ च्या ठोक्यावर चालायचं आणि हा ठोका पण त्याच मुख्य ठोक्याला भागून काढलेला असायचा, १०० ला तीननं, १३३ ला चारनं, १६६ ला पाचनं, बघा सगळीकडं ३३ च येतंय. पण मधलाच कुठला आकडा लावला, समजा १५०, आणि बोर्ड चारनंच भागत बसला तर साडेसदतीस. एवढ्यात साउंड कार्ड खरखर करायला लागतं आणि हार्ड डिस्कवर फाइली खराब लिहिल्या जातात, ते तर लगेच कळत पण नाही, महिन्यानं एखादी फाइल उघडत नाही तेव्हा कळतं. म्हणून माझं स्पष्ट मत, बरोबर वेग म्हणजे कंपनीनं सांगितलेली जोडी, वाढवायची हौस असेल तर वेगळं मशीन घेऊन त्यावर करा, हिशोबाच्या मशीनवर नको.

व्होल्टेजला तर हातच लावू नका. अ‍ॅथलॉन एक्सपीचा गाभा उघडा असायचा, वर पत्र्याचं झाकण नाही, हीटसिंक म्हणजे वर बसवायचा उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा, तो तिरका दाबला की कोपऱ्याचा टवका उडायचा, आणि हीटसिंकशिवाय चालू केला तर काही सेकंदात जळायचा. आताचे तसे नाजूक राहिले नाहीत तरी जास्त व्होल्टेजनं काय होतंय ते २०२४ मध्ये सगळ्यांनी बघितलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर गेम खेळता खेळता बंद पडायला लागले, शेवटी इंटेलनं सांगितलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, ऑगस्टमध्ये त्यासाठी नवा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना, काढला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हा मायक्रोकोड बायोसच्या अपडेटमधनं येतो. शिवाय बरेच बोर्ड डब्यातनंच वीज वापराची मर्यादा सैल करून येत होते, म्हणजे २००३ साली बोर्ड हळू लावून यायचे आणि २०२४ ला जोरात लावून, दोन्ही वेळा बिल आपल्या नावावर. त्या पिढीचं मशीन असेल तर बायोस अपडेट करा आणि इंटेलचं डिफॉल्ट सेटिंग असा पर्याय दिसला तर तो निवडा.

आता आजच्या मशीनवर येऊ. जंपर गेले. बेस क्लॉक जवळपास सगळीकडं १००, आणि प्रोसेसर कामाप्रमाणं मल्टिप्लायर स्वतःच वरखाली करतो. रिकामा असला की ८, म्हणजे ८०० मेगाहर्ट्झ, म्हणजेच ०.८ गिगाहर्ट्झ, काम आलं की ३६, ४०, ४३. त्यामुळं नुसता कॉम्प्युटर चालू करून टास्क मॅनेजरमध्ये ०.८ बघितलं आणि बोंब ठोकली असं करू नका, मोकळा बसलेला माणूस हळूच श्वास घेतो. जुन्या कोअर टू ड्युओवर पण हेच, रिकामा असताना सीपीयू-झेडमध्ये, म्हणजे प्रोसेसर आणि रॅमची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, मल्टिप्लायर ६ दिसायचा. बघायचं ते काम देऊन. मोठी झिप फाइल करायला लावा, व्हिडिओ कन्व्हर्ट करायला लावा, आणि मग आकडा बेस स्पीडच्या आसपास किंवा वर राहतोय का बघा. राहिला तर प्रोसेसर ठीक आहे, मशीन मंद असायचं कारण दुसरीकडं शोधा, बहुतेक वेळा जुनी हार्ड डिस्क, ती काढून एसएसडी घाला.

नाही राहिला तर? सगळ्यात आधी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० टक्के आहे का बघायचं, कधी कधी कुणीतरी पंख्याचा आवाज कमी व्हावा म्हणून ती ५० करून ठेवलेली असते आणि विसरून गेलेला असतो. लॅपटॉप असेल तर चार्जर. दुसऱ्या कंपनीचा किंवा कमी वॅटचा चार्जर लावला की काही लॅपटॉप प्रोसेसरला धरून बसतात, ०.३९ वगैरे आकडे दिसतात, चार्जर बदलला की सुटतात. आणि तिसरं, डेस्कटॉपमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडणारं, उष्णता.

दिवाणजींचं तेच होतं. मी यार्डात गेलो, सौदे संपून माणसं पांगलेली, दुकानभर हळदीचा वास. मशीन खाली पोत्यांच्या बाजूला, बाजूचा पत्रा उघडला तर हीटसिंकवर राखाडी धूळ असते ना नेहमी, इथं पिवळी. नुसती पिवळी नाही, पंख्याच्या हवेनं दाबून दाबून पापुद्रा झालेला, पत्र्यांच्या मधली फट दिसतच नव्हती. भंडाऱ्यातनं काढल्यासारखा प्रोसेसर. पंखा जोरात फिरत होता पण हवा आत जायला जागा नाही. प्रोसेसर शंभर डिग्रीच्या जवळ गेला की जळायच्या आधी स्वतःच वेग पाडतो, मल्टिप्लायर ८ वर आणतो, हा ०.७९ तिथनं आलेला.

बाहेर अंगणात नेऊन ब्लोअर मारला, पंखा उलटा फिरू नये म्हणून पात्याला बोट लावून धरायचं, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली जुनी सुकलेली पेस्ट पुसून नवीन लावली, वाटाण्याएवढी, लोक पोळीला तूप लावल्यासारखी लावतात तशी नाही. परत चालू केलं, तोच टॅलीचा रिपोर्ट, चारच्या पुढं आकडा. दिवाणजी नुसते बघतच बसले.

मग मी रॅमकडं वळलो कारण बोर्ड उघडलाच होता. आजच्या मशीनमध्ये वेगाचं सेटिंग हातानं लावायला लागतं ते बहुतेक इथंच. तुम्ही ३२०० ची डीडीआर४ रॅम घेता, बोर्ड तिला पहिल्यांदा २१३३, २४०० असल्या कुठल्या तरी सुरक्षित वेगानं चालवतो, पूर्ण वेग पाहिजे तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करायला लागतं, एएमडीच्या काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात, डीडीआर५ वर एक्स्पो पण असतं. आणि सीपीयू-झेडमध्ये ३२०० च्या रॅमचा आकडा १६०० दिसतो, ते बरोबरच आहे, इथंही एका ठोक्याला दोनदा, वरचाच हिशोब. रायझनवाल्यांनी हे नक्की करावं, कारण डीडीआर४ वाल्या रायझनच्या (एएमडीचे आताचे प्रोसेसर) आतली जोडणी सहसा रॅमच्या ठोक्यावरच चालते, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर फरक डोळ्याला दिसतो.

दिवाणजींच्या रॅमच्या स्टिकरवर ३२०० आणि मशीन दाखवतंय २६६६. इथं मी काहीच केलं नाही. त्यांचा प्रोसेसर आय३-१०१०० आणि बोर्ड एच४१० चा, या जोडीला २६६६ च्या वर जाताच येत नाही, रॅम कितीची पण घाला. स्टिकरवरचा आकडा म्हणजे ती रॅम कुठपर्यंत पळू शकते, या घरात तिला किती पळू देतात ते बोर्ड आणि प्रोसेसर ठरवणार. एखादा दुकानदार म्हणाला ३२०० ची घाला, लई फरक पडतोय, तर आधी बोर्डाचं नाव विचारायचं.

सेलचं राहिलंच. बोर्डावर एक रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. मशीनची वायर काढली तरी तारीख आणि बायोसची सेटिंग लक्षात राहतात ती त्याच्या जोरावर. गंमत अशी की सेल संपला तरी लगेच कळत नाही, कारण वायर लावलेली असली की बटण बंद असताना पण पॉवर सप्लायमधनं थोडी वीज येत असते आणि तेवढ्यावर काम भागतं. २०२१ च्या पुरात आमच्या ओळखीच्या एका झेरॉक्स आणि डीटीपीवाल्याचं हेच झालं. पाणी त्याच्या दुकानाच्या पायरीला लागून उतरलं, मशीन वर टेबलावर, कोरडं ठणठणीत. पण लाईट चार दिवस नव्हती. लाईट आल्यावर चालू केलं तर स्क्रीनवर "सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड, एफ१ दाबा." सीमॉस म्हणजे बायोसची सेटिंग साठवायची जागा. त्यानं एफ१ दाबला, विंडोज आलं, तारीख कुठल्या कुठं मागं, बँकेची साइट उघडेना कारण तारीख चुकली की ब्राउझर सर्टिफिकेट मानतच नाही. तारीख त्यानं दुरुस्त केली. पण एक्सएमपी पण उडालं होतं हे त्याला माहितीच नाही, तो आपला म्हणतोय पुराच्या ओलीनं मशीन मंद झालं. ओल कसली, बोर्ड विसरला होता. नवा सेल, एक्सएमपी चालू, विषय संपला.

तारीख मागं जायला लागली, चालू करताना एफ१ मागायला लागला, की आधी सेल बदला, मग बायोसमध्ये शिरून सेटिंग लावा. उलटं केलंत तर दुसऱ्या दिवशी परत तेच. आणि सेल बदलायच्या आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, हे मी शिकलो ते एकदा न काढल्यामुळं, हार्ड डिस्कचा मोड एएचसीआयवरनं दुसऱ्याच कशावर तरी गेला होता आणि विंडोज निळा पडदा दाखवून परत परत रिस्टार्ट व्हायचं, माझी अख्खी दुपार गेली.

आणि सेटिंग बदलल्यावर स्क्रीनच आली नाही, माझं २००३ ला झालं तसं, तर घाबरायचं नाही. आता बरेच बोर्ड तीनचार वेळा प्रयत्न करून स्वतःच मूळ सेटिंगवर येतात, थांबा जरा. नाही आला तर वायर काढा, बोर्डावर क्लिअर सीमॉस लिहिलेल्या पिना शोधा, तीन असतील तर टोपी १-२ वरनं काढून २-३ वर दहा सेकंद ठेवायची आणि परत जागेवर, दोनच पिना असतील तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडायच्या. सगळं पुसून पहिल्या दिवसासारखं होतं. वायर काढल्याशिवाय मात्र हे करायचं नाही.

दिवाणजींना हे सगळं सांगितलं तेव्हा ते मान हलवत होते, मला वाटलं डोक्यावरनं गेलं असणार. तेवढ्यात त्यांनी कपाटातनं लाल वही काढली, लाईट बिलाचं पान उघडलं आणि त्याच्या खाली वळणदार अक्षरात लिहिलं: कॉम्प्युटर, ३.६, रॅम २६६६, धूळ काढली. पुढं तारीख. मग चष्मा वर करून मला विचारलं, "परत कधी काढायची?" मी म्हटलं हळदीचा हंगाम संपला की. तेही लिहून घेतलं.